मॉरिशसचा नकाशा आणि नकाशात न दिसणारी माणसे

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट जगाच्या नकाशावर ठिपक्याएवढे दिसते. परंतु मराठी भाषेच्या प्रवासात त्याचे स्थान मोठे आहे.

जावा बेटातून मॉरिशसमध्ये ऊस आणला तो डचांनी, १६३९ साली. पुढे फ्रेंच अमलात, १७५३ मध्ये, लाकाय या खगोलशास्त्रज्ञाने बेटाची शास्त्रशुद्ध मोजणी केली. लिस्ले जोफ्रुआ यांचा नकाशा १७९७ मध्ये प्रसिद्ध झाला. या थोर नकाशाकाराची माता आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली स्त्री होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

१८१० मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८२५ मध्ये तेथील साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी करण्यात आली आणि उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. कलकत्ता व मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत. त्यांतून रत्नागिरी, सातारा या भागांतील माणसे गेली.

१८८० च्या देक्यूब यांच्या मोठ्या नकाशावर साखर-मळ्यांची नावे आढळतात. जमीन कोणाची, हे नकाशा सांगतो. ती कोणी कसली, हे सांगत नाही. मजुराची नोंद वेगळ्या वहीत असे आणि तेथे नावाबरोबर त्याला एक क्रमांक मिळे. नकाशा व वही शेजारी ठेवून वाचली, तरच त्या बेटाचा इतिहास पुरा होतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेने या नोंदी जपल्या असून त्यांच्या आधारे आजचे वंशज आपले मूळ गाव शोधतात. मजूर उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

मळ्यांवरच्या त्या मराठी माणसांजवळ ना जमीन होती, ना सत्ता. त्यांनी घरात गणपती बसवला आणि मुलांच्या कानी मराठी पडू दिली. आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते.

छत्तीसगडात मराठी आली ती भोसल्यांच्या राज्यकारभाराबरोबर. मॉरिशसला गेली ती मजुराच्या बोचक्यातून. वाटा भिन्न, परंतु कसोटी एकच. राज्य १८५४ मध्ये गेले, मळ्यांचे करारही संपले. दोन्हीकडे भाषा उरली ती घराने आणि शाळेने सांभाळली म्हणून. ब्राह्मणपाऱ्यातील मराठी घरांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी हीरक महोत्सवाच्या वर्षी एवढे ध्यानी घ्यावे: भाषेची सीमा कोणताही नकाशा आखत नाही, ती पुढच्या पिढीच्या ओठांवर ठरते.