‘कॉन’ नावाचे फोल्डर : जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमना वारशाचे ओझे होते का?

१/
विंडोजच्या संगणकावर एक नवे फोल्डर उघडावे आणि त्याला सी, ओ, एन या तीन इंग्रजी अक्षरांचे ‘कॉन’ हे नाव देऊन पाहावे. संगणक ते स्वीकारत नाही. २००० नंतरच्या दशकात याविषयीचा एक ई-मेल भारतात सर्वत्र फिरत असे. हा चमत्कार एका भारतीयाने शोधला असून मायक्रोसॉफ्टच्या साऱ्या चमूलाही त्याचे उत्तर सापडलेले नाही, असा त्यात दावा असे.

२/
दावा खोटा होता. कारण मायक्रोसॉफ्टला पुरते ठाऊक होते. मात्र खरी हकिकत त्या दंतकथेहून अधिक रंजक आहे आणि तिच्यातून एक मोठा प्रश्न उभा राहतो : वय झालेल्या ऑपरेटिंग सिस्टिमना भूतकाळाचे ओझे होते का? होत असेल, तर त्या ते उतरवून का ठेवत नाहीत?

३/
आरंभ १९७४ चा. अमेरिकेत गॅरी किल्डॉल यांनी छोट्या संगणकांसाठी ‘सीपी/एम’ ही प्रणाली लिहिली. संगणकाला जोडलेल्या साधनांना तिच्यात आखूड नावे होती. ‘कॉन’ म्हणजे कन्सोल, अर्थात माणूस ज्यावर टंकतो आणि ज्यावर उत्तर वाचतो ते साधन. प्रती काढण्याच्या आज्ञेत फाइलच्या जागी साधनाचे नाव दिले, की मजकूर थेट त्या साधनाकडे जाई.

४/
१९८० मध्ये सिअ‍ॅटल येथील एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरसाठी नवी प्रणाली रचली. तिचे पहिले नाव ‘क्यूडॉस’. त्यातल्या आद्याक्षरांचा अर्थ ‘झटपट आणि ओबडधोबड’ असा होता. सीपी/एमचे प्रोग्राम फारसे कष्ट न घेता तिच्यावर आणता यावेत, हा हेतू रचनेत पहिल्यापासून होता. जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्या बाळासारखी ही प्रणाली जन्मली. अंगावरचे पहिले वस्त्रच वारशाचे.

५/
मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती ‘डॉस’ म्हणून बाजारात आली. त्या संगणकाच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात स्मृती होती १६ किलोबाइट. एका फ्लॉपीवर १६० किलोबाइट मजकूर मावे आणि जास्तीत जास्त ६४ फायली ठेवता येत. फोल्डर ही सोयच नव्हती. एवढ्याशा जगात दोन-चार नावे साधनांसाठी राखून ठेवल्याने कोणाचेही अडणार नव्हते.

६/
त्या नावांचा उपयोगही खरा होता. १९९० च्या दशकात संगणकाच्या क्लासमध्ये डॉस शिकलेल्यांना ‘कॉपी कॉन’ ही आज्ञा आठवत असेल. ‘कन्सोलवर टंकलेला मजकूर फाइलमध्ये उतरव’ असा तिचा अर्थ. मजकूर संपला हे सांगण्यासाठी कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबाव्या लागत. तो संकेतही सीपी/एमकडूनच आलेला. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजली जाई. शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे संपला, हे दाखवायला खूण लागे.

७/
पेच आला १९८३ मध्ये. आयबीएमच्या नव्या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. इतक्या जागेत सगळ्या फायली एकाच यादीत ठेवणे अशक्य, म्हणून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. पण तोवर लिहिलेल्या प्रोग्रामना फोल्डर ही कल्पनाच माहीत नव्हती. ते आपले सरळ ‘कॉन’ किंवा प्रिंटरसाठीचे ‘पीआरएन’ एवढेच नाव उच्चारत. हे नाव एकाच फोल्डरपुरते मर्यादित केले असते, तर इतर ठिकाणी काम करणारे जुने प्रोग्राम बंद पडले असते.

८/
निर्णय असा झाला, की ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहतील. काही प्रोग्राम फाइलच्या नावाला आपणहून शेपूट जोडत. म्हणून शेपटासकट लिहिलेले नावही राखीव ठरले. त्या वेळी याहून शहाणा निर्णय क्वचितच सुचला असता. लोकांनी पदरमोड करून घेतलेले प्रोग्राम चालू राहिले आणि किंमत पडली ती केवळ काही नावांची.

९/
पुढची पायरी १९९३ ची. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एनटी’ नव्याने लिहिली. आजची विंडोज तिच्याच वंशातली. तिचा गाभा डॉसवर उभा नाही आणि त्या गाभ्याला ‘कॉन’ या नावाचे वावडेही नाही. नकार येतो तो वरच्या थरातून. जुन्या प्रोग्रामशी बोलणारा हा थर नाव तपासतो आणि साधनाचे असल्यास अडवतो. घर नवे बांधले, पण उंबऱ्यावरची रीत जुनीच ठेवली.

१०/
ही रीत किती कसोशीने पाळली गेली, याचा एक किस्सा जोएल स्पोल्स्की यांनी नोंदवला आहे. ‘सिमसिटी’ या लोकप्रिय खेळात एक चूक होती : परत केलेली स्मृती तो पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजवर ही चूक खपून जाई; विंडोज ९५ वर खेळ कोसळू लागला. दोष खेळाचा होता. तरीही विंडोज ९५ मध्ये सिमसिटी ओळखणारा खास कोड घालण्यात आला. तो खेळ सुरू झाला, की प्रणाली स्मृती लगेच परत घेत नसे.

११/
शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला हा गबाळेपणा वाटेल. परंतु नवी प्रणाली घेतल्यावर आवडता खेळ किंवा दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्राम बंद पडला, तर सामान्य माणूस प्रोग्रामला दोष देत नाही. तो नव्या प्रणालीला नावे ठेवतो आणि जुनीवरच थांबतो. ज्याला ओझे म्हटले जाते, त्यातला बराचसा भाग म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेला शब्द असतो.

१२/
दुसरा मार्ग अ‍ॅपलने चोखाळला. १९८४ पासूनच्या मॅकच्या प्रणालीत एक प्रोग्राम कोसळला, की सारा संगणक ठप्प होऊ शके. ती सुधारण्यासाठी हाती घेतलेला ‘कोपलंड’ प्रकल्प १९९६ मध्ये गुंडाळावा लागला. त्याच वर्षाअखेरीस अ‍ॅपलने स्टीव्ह जॉब्स यांची ‘नेक्स्ट’ कंपनी घेण्याचे जाहीर केले आणि तिच्या प्रणालीवर उभारलेली ‘मॅक ओएस टेन’ २००१ मध्ये आली. जुने प्रोग्राम काही वर्षे एका वेगळ्या कप्प्यात चालवले गेले. २००७ च्या आवृत्तीत तो कप्पाही काढला. २०१९ मध्ये ३२ बिटचे सगळे प्रोग्राम बाद झाले.

१३/
प्रणाली सुटसुटीत झाली, पण अनेकांचे चालते प्रोग्राम एका अद्ययावतीकरणात निकामी झाले. शिवाय पाटी खरोखर कोरी नव्हतीच. नेक्स्टची प्रणाली युनिक्सच्या घराण्यातली आणि युनिक्सचा जन्म १९६९ चा, बेल लॅब्जमधला. आधुनिक म्हणून आलेल्या मॅकचे मूळ डॉसहून अकरा-बारा वर्षांनी जुने आहे. म्हणजे प्रणालीचे वय हे ओझ्याचे माप नव्हे.

१४/
मग ओझे घातक केव्हा होते? त्याचे उत्तर २०१७ ने दिले. संगणकांनी एकमेकांच्या फायली आणि प्रिंटर वापरावेत यासाठी १९८० च्या दशकात आयबीएममध्ये ‘एसएमबी’ ही संवादाची पद्धत घडली. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या, तरी पहिली आवृत्ती विंडोजमध्ये तशीच राहिली. जुने प्रिंटर, स्कॅन करणारी झेरॉक्स यंत्रे आणि फायली साठवणारी उपकरणे तेवढीच एक भाषा जाणत होती.

१५/
त्या जुन्या आवृत्तीच्या कोडमध्ये एक गंभीर दोष होता. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने तो हेरून शस्त्रासारखा जवळ बाळगला आणि एप्रिल २०१७ मध्ये ते शस्त्र जगजाहीर झाले. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोज एक्सपीचे पालकत्व २०१४ मध्येच सोडलेल्या मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठीही दुरुस्ती द्यावी लागली.

१६/
दीड महिन्याने, २७ जून रोजी, युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ पसरला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट हाच दोष होता. त्याची झळ महाराष्ट्रालाही लागली. मर्स्क या जहाजकंपनीचे संगणक बंद पडले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. तीन दशकांपूर्वीच्या सोयीची किंमत उरणच्या किनाऱ्यावरच्या कंटेनरांनी मोजली.

१७/
‘कॉन’ आणि एसएमबी, दोन्ही वारसे एकाच दशकातून आले आणि दोन्ही एकाच कारणासाठी टिकले : कोणाचे तरी जुने काम बंद पडू नये. फरक परिणामात आहे. पहिल्याने फोल्डरच्या एका नावाची वाट अडवली; दुसऱ्याने एक दार उघडे ठेवले. २०१७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबीची पहिली आवृत्ती आपणहून बसवणे बहुतांशी थांबवले. हे पाऊल आधी उचलले असते, तर काही कार्यालयांची जुनी यंत्रे अडली असती. ती अडचण हल्ल्याच्या हानीपुढे क्षुल्लक ठरली असती.

१८/
तेव्हा जुन्या प्रणालींना ओझे होते, हे खरे. पण सगळे ओझे एका जातीचे नसते. प्रत्येक जुन्या नियमाला दोन प्रश्न विचारावे लागतात : हा कोणासाठी केला होता, आणि तो माणूस आज कुठे आहे? त्यांची उत्तरे कोड वाचून मिळत नाहीत. तो लिहिला गेला त्या काळाची माहिती असावी लागते. ती नसली, की एखादा कामाचा नियम अडगळ समजून फेकला जातो आणि एखादे उघडे दार वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो ई-मेल पुढे पाठवणाऱ्यांनी ‘कॉन’ला चमत्कार मानले, कारण १९८३ मधले ते छोटे प्रोग्राम त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. संगणकाने मात्र त्यांची आठवण ठेवली आहे. आजही ते नाव टंकले, की तो नकार देतो.