एका महाकाय घोरपडीचे नाव



मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी ऑस्ट्रेलियातील एका लुप्त घोरपडीचा विषय घ्यावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. त्यामागे माझी एक जुनी चूक आहे. व्युत्पत्तीच्या तासाला मी कित्येक वर्षे 'मेगालेनिया' या नावाचा दाखला देत असे. 'मेगास' म्हणजे मोठा, 'लेनियस' म्हणजे खाटीक. म्हणून हा 'प्राचीन महाखाटीक'. वर्ग खूश होई, आणि मीही. कुठल्याशा इंग्रजी नियतकालिकात वाचलेला हा अर्थ मूळ निबंधाशी ताडून पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती. पुढे एका माजी विद्यार्थ्याने त्या निबंधाची छायाप्रत मला टपालाने धाडली. सोबत पत्र नव्हते. समासात पेन्सिलीची एक रेघ मात्र होती.

तो निबंध रिचर्ड ओवेन यांचा, १८५९ सालचा. तुलनात्मक शरीररचनाशास्त्रात त्या काळी इंग्लंडमध्ये ओवेन यांचा शब्द शेवटचा मानला जाई. 'डायनोसॉर' ही संज्ञा ज्या नावावरून रूढ झाली, ते नावही १८४२ मध्ये त्यांनीच दिलेले. पूर्व ऑस्ट्रेलियातील डार्लिंग डाउन्स या प्रदेशात, कॉन्डामाइन नदीच्या एका उपनदीच्या परिसरात सापडलेले तीन मणके त्यांच्या हाती आले होते. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवरून हा प्राणी भूचर, सरड्याच्या वर्गातील आणि प्रचंड आकाराचा असल्याचे त्यांनी ओळखले. ते निदान अचूक ठरले. नावाची फोडही त्यांनी स्वतःच दिली आहे, आणि पेन्सिलीची रेघ तिथेच होती. 'मेगास' म्हणजे मोठा आणि ग्रीक 'एलाइनो' म्हणजे मी हिंडतो. म्हणजे हा महाभटक्या! खाटकाचा लॅटिन शब्द त्यात कोठेच नाही. परंतु दातांच्या प्राण्याला खाटीक शोभतो, भटक्या शोभत नाही. म्हणून चुकीचा अर्थच जगभर फिरला.

या कुळाच्या नशिबी असे घोटाळे आधीपासूनच आहेत. घोरपडीच्या वंशाचे शास्त्रीय नाव 'व्हॅरेनस' हे तिच्या अरबी नावावरून आले. त्या अरबी शब्दाचा जर्मन भाषेतील 'इशारा देणे' या अर्थाच्या शब्दाशी गोंधळ होऊन तिला 'मॉनिटर' म्हणू लागले, असे मानतात. आपल्या शाळेतील वर्गाचा मॉनिटर आणि घोरपड असे नावबंधू झाले. (नावे घेत नाही, काही मॉनिटर आज समोर बसले आहेत.)

आता ओवेन यांच्याकडे वळू. तीन मणक्यांवर थांबले असते तर त्यांची कीर्ती निष्कलंक राहिली असती. १८८० मध्ये त्याच डार्लिंग डाउन्समधून त्यांच्याकडे शिंगे असलेली एक मोठी कवटी आली. ओवेन यांनी ती या घोरपडीच्या धडावर बसविली. पाठोपाठ शेपटीचे चिलखती आवरण आले; तेही तिलाच जोडले. १८८६ मध्ये पावलांची हाडेही तिच्याच पदरी पडली. त्याच वर्षी लॉर्ड हाउ बेटावरील तशाच शिंगाळ जीवाश्मांना त्यांनी 'मायोलेनिया', म्हणजे लहान भटक्या, असे नाव देऊन घोरपडीची भावंडे ठरविले. तेव्हा त्यांचे वय ८२ होते. प्रत्येक हाड खरे होते आणि प्रत्येकाचे वर्णनही काळजीपूर्वक केलेले होते. प्राणी मात्र असा कधी पृथ्वीवर चाललाच नव्हता.

१८८७ मध्ये टॉमस हक्स्ले यांनी बेटावरचा प्राणी कासव असल्याचे दाखविले. हक्स्ले हे ओवेन यांचे जुने प्रतिस्पर्धी, त्यामुळे त्यांच्या खंडनात थोडा आनंदही असावा, असे मला वाटते. पुढच्याच वर्षी आर्थर स्मिथ वुडवर्ड या पंचविशीच्या आतबाहेरच्या अभ्यासकाने सारा गुंता सोडविला. मणके घोरपडीचे, कवटी व शेपटी शिंगाळ कासवाची, पावले कांगारूप्रमाणे पोटच्या पिशवीत पिलू वाढविणाऱ्या एका प्राण्याची. तीन प्राण्यांचा एक प्राणी झाला होता. आणि वुडवर्ड यांनी त्या कासवाच्या जातीला नाव दिले ते 'ओवेनाय'. ज्यांची चूक दाखविली त्यांचेच नाव! हे मला फार भावते.

उरलेल्या मणक्यांचा धनी किती मोठा होता, हे अजून ठरलेले नाही, कारण संपूर्ण सांगाडा आजतागायत मिळालेला नाही. मॅक्स हेक्ट यांनी १९७५ मध्ये कमाल लांबी ७ मीटरपर्यंत सांगितली. स्टीफन रो यांनी २००२ मध्ये ती ४.५ मीटरवर आणली. शेपूट किती लांब धरायची, यावर पुष्कळसे अवलंबून आहे. आजची सर्वांत मोठी घोरपड, कोमोडो बेटावरची, सुमारे ३ मीटरची असते. क्वीन्सलँडमधील कॅप्रिकॉर्न गुहांत सापडलेला, बोटाच्या पेराहूनही लहान असा कातडीतील अस्थिखंड सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीचा आहे, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तो याच घोरपडीचा की कोमोडोच्या जातीचा, हे निश्चित नाही. परंतु ऑस्ट्रेलियात आलेल्या पहिल्या माणसांनी अशा प्रचंड घोरपडी पाहिल्या असण्याचा संभव त्याने बळावला.

आज बहुतेक अभ्यासक तिला 'व्हॅरेनस प्रिस्कस' म्हणतात. म्हणजे महाभटक्या हे नावही मागे पडले, आणि मी मात्र ते दोन पिढ्यांना खाटीक म्हणून शिकविले. त्या छायाप्रतीची पोच द्यायला मला आठ महिने लागले. ती धाडणारे गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या तुकडीतील इतरांनी आपापल्या वह्यांत दुरुस्ती करून घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.