स्प्रिंग बसली, चाक कलले

जव्हार-मोखाड्याच्या घाटवाटांवर कमांडरसारख्या जुन्या जीपगाड्यांनी अनेक वर्षे प्रवासी वाहिले. माणसांनी भरलेली जीप चांगलीच खाली बसते. पण समोरून पाहिले तर तिची चाके रिकाम्या जीपसारखीच सरळ उभी असतात. आता एखादी लहान मोटार घेऊ. ती रुबाबदार दिसावी म्हणून तिच्या मूळ स्प्रिंगा काढून चार सेंटिमीटरने बुटक्या स्प्रिंगा बसवल्या. काही दिवसांतच तक्रारी सुरू होतात. पुढची चाके वरच्या बाजूने आत कललेली दिसतात, गाडी एका बाजूला ओढते, टायरची आतली कड झिजते. जीप दबली तरी चाक कलत नाही आणि मोटार दबली की कलते, असे का? याचे उत्तर वाहनांच्या इतिहासात सापडते.

कमान आणि आस

बैलगाडीच्या आसावर साटा थेट टेकलेला असतो. टांग्याला मात्र मध्ये कमान असते. स्प्रिंगचे ताणणे बलाच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये उघड केला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस लंडनच्या ओबादाया इलियटने पोलादी पाट्यांच्या कमानींवर बग्गी टेकवली. १८१७ मध्ये म्युनिकच्या लँकेनश्पेर्गरने वळताना दोन्ही पुढची चाके वेगवेगळ्या कोनांत वळवणारी जुळणी शोधली. पुढल्या वर्षी रुडॉल्फ अॅकरमनने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले आणि नाव त्याचेच रूढ झाले.

सुरुवातीच्या मोटारींनी हे दोन्ही वारसे उचलले. दोन्ही पुढची चाके एकाच अखंड आसाला जोडलेली आणि वर पाट्यांची कमान. आपली जुनी जीप याच घराण्यातली. कमान कितीही दबली तरी आस सरळच राहतो, म्हणून चाकेही सरळ राहतात.

ऑलीची अडचण

मग ही सोय सोडली का? अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीत मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३२ मध्ये वजने पुढे-मागे सरकवता येतील अशी एक चाचणीगाडी तयार केली. पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या तर प्रवास सुखाचा होतो, असे तिच्यावरून दिसले. पण अखंड आसावर मऊ स्प्रिंग घातली की नवेच संकट उभे राही. एक चाक उंचवट्यावर चढले की सगळा आस कलतो. फिरते चाक कलले की भोवऱ्याच्या नियमाने ते बाजूलाही वळू पाहते, आणि चाके थडथडू लागतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगणे. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही रचना आली. पुढे अर्ल मॅकफर्सनने स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर एकाच खांबात बसवून ती सुटसुटीत केली. १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलमध्ये ती दिसली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हीच रचना होती.

या सुखाची एक किंमत होती. स्वतंत्र चाक ज्या दांड्यावर टांगलेले असते, तो दारासारखा वर्तुळाच्या कंसात फिरतो. म्हणजे चाकाचा कोन आता गाडीच्या उंचीवर अवलंबून राहिला. नेहमीच्या उंचीच्या आसपास हा फरक कमीत कमी राहावा, अशा बेताने रचनाकार दांड्यांची लांबी ठरवतो. बुटकी स्प्रिंग गाडीला त्या कंसाच्या दुसऱ्याच भागात नेऊन बसवते. दोष एकट्या स्प्रिंगचा नसतो. जुळणी मोडलेली असते.

थोडे गणित

चाक जाण्याच्या दिशेपासून अर्धा अंश वळलेले असेल, तर दर किलोमीटरला टायर सुमारे नऊ मीटर आडवा घासला जातो. टायर झिजण्याचे मुख्य कारण हेच. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, त्यात भर घालतो.

दुसरी गोष्ट खड्ड्यांची. चाकाला वर जायला आठ सेंटिमीटर जागा होती, ती चारच उरली असे समजा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेवढाच धक्का निम्म्या अंतरात जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी, आणि मग गाडीच्या आंदोलनांची वारंवारिता दुप्पट होते. स्प्रिंग तितकी कडक नसेल, तर पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर रबरी थांब्याला ठोके बसणार. घाटाच्या वळणावर असा ठोका बसला तर चाकाची पकड क्षणभर सुटू शकते.

दोष शोधण्याचा क्रम

अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावी. आधी टायरमधली हवा पाहावी. मग सपाट जागी चारही चाकांपाशी उंची मोजावी. डावी-उजवीकडे फरक असेल तर स्प्रिंग आपल्या खोबणीत नीट बसली नसेल. दांड्यांचे रबरी बुश गाडी उचललेली असताना आवळले असतील, तर ते कायम पिळलेले राहतात. बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळावेत. गाडी ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहावेत. ओढ उलटी झाली, तर दोष टायरचा. टायरची दिशा ठरलेली असेल तर मात्र असे करू नये. यानंतरच कोन मोजावेत. अनेक लहान गाड्यांत चाकांची दिशा तेवढी जुळवता येते, कॅम्बर नाही. तो मर्यादेबाहेर असेल तर मूळ स्प्रिंगा परत बसवणेच शहाणपणाचे. उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनाजोगा बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंधही आहेत.

वर्गात करण्याजोगे

पुठ्ठ्याच्या २० आणि १५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या. त्यांची मोकळी टोके एकमेकांवर येतील अशा बेताने दुसरी टोके टाचणीने फळ्यावर आडवी टोचा. लांब पट्टी म्हणजे चाकाचा दांडा, आखूड पट्टी म्हणजे चाक वळवणारा टायरॉड. मोकळी टोके दोन सेंटिमीटर वर न्या. त्यांच्यातले आडवे अंतर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे भरते. पाच सेंटिमीटर वर न्या. ते दोन मिलिमीटरांहून अधिक होते. उंची अडीचपट झाली, तर चूक सहापटीहून जास्त का वाढली, हे विद्यार्थ्यांना पायथागोरसच्या प्रमेयाने काढायला सांगा.