हिरवी देवी : न झालेल्या युद्धाचा बंब

आगीचा बंब म्हटला कीं डोळ्यांपुढें तांबडा रंग उभा राहतो. आज ज्या बंबाची हकीकत मी सांगणार आहें, तो हिरवा होता. इंग्लंडांतील लोक त्यास ‘ग्रीन गॉडेस’, म्हणजे हिरवी देवी, असें म्हणत. सरकारी कागदांत मात्र ‘सेल्फ प्रोपेल्ड पंप’ एवढेंच रूक्ष नांव. एका युद्धाच्या अनुभवावरून दुसऱ्या युद्धासाठीं तो बांधला गेला, आणि तें दुसरें युद्ध झालेंच नाहीं.

आधीं तो अनुभव सांगितला पाहिजे. १९३८ सालीं ब्रिटनमध्यें सामान्य नागरिकांतून साहाय्यक अग्निशामक दल उभारण्यास आरंभ झाला. महायुद्धाच्या पहिल्या कांहीं महिन्यांत बाँब पडेनात, तेव्हां ‘हे लष्कर चुकविणारे’ असे टोमणे या लोकांस ऐकावे लागले. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्र बाँबचा वर्षाव होऊं लागला, आणि टोमणे मारणाऱ्यांचीं तोंडें आपोआप बंद झालीं. भाड्याच्या टॅक्सीगाड्यांच्या मागें पंप जोडून ही मंडळी आगीच्या तोंडीं जात. पण देशांत दलें सोळाशेंवर, आणि प्रत्येकाचा कारभार निराळा! शेजारच्या शहराच्या साह्यास बंब धांवत जावा, आणि तेथें पोंचल्यावर आपल्या नळीचें तोंड तेथल्या नळास बसूं नये, असे प्रसंग आले. २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं तर जमिनींतील नळ फुटले, आणि थेम्स नदीस ओहोटी असल्यामुळें नदीचें पाणीही हातीं लागेना. अखेर ऑगस्ट १९४१ मध्यें सर्व दलें एकत्र करून राष्ट्रीय अग्निशामक दल स्थापन करण्यांत आलें.

युद्ध संपल्यावर, १९४८ सालीं, हें काम पुन्हां स्थानिक संस्थांकडे गेलें. परंतु तोंवर रशियाशीं बेबनाव झाला होता. १९४९ मध्यें साहाय्यक दल पुन्हां उभें राहिलें; आणि अणुबाँबनें शहरेंच्या शहरें पेटतील या धास्तीनें १९५३ ते १९५६ या काळांत बेडफर्डच्या मोटारलॉरीवर हे हिरवे बंब बांधण्यांत आले. त्यांतील पुष्कळांस लष्करी लॉरीप्रमाणें चारही चाकांना गति मिळे. ढिगाऱ्यांतून वाट काढतां यावी हा हेतु.

शाळेंत आम्ही मुलांना हौद आणि तोट्यांचीं उदाहरणें घालीत असूं. तसेंच एक येथें सोडवून पाहूं. या बंबांतील मोठी टाकी ४०० गॅलनांची. पंप मिनिटास सुमारें १००० गॅलन पाणी फेंकणारा. टाकी किती वेळांत रिकामी होईल? उत्तर, २४ सेकंद! तेव्हां हा बंब पाणी वाहून नेण्यासाठीं केलेलाच नव्हता. एकानें नदींतून पाणी उपसावें, सहा इंची नळांतून पुढच्याकडे लोटावें, त्यानें त्याच्याही पुढच्याकडे. अशी बंबांची रांग लावून नदी जळत्या शहरापर्यंत आणावी, ही त्यामागची योजना. लंडनच्या त्या कोरड्या नळांचें हें उत्तर होतें, आणि उत्तर म्हणून तें नामी होतें यांत शंका नाहीं.

पुढें १९६८ सालीं सरकारनें काटकसरीसाठीं साहाय्यक दल मोडून टाकलें. स्वयंसेवक घरीं गेले. बंब मात्र वंगण घालून कोठारांत जपून ठेवले. हा हिशेब मला पटत नाहीं. यंत्र कोठारांत पन्नास वर्षें टिकेल. सराव झालेला माणूस तसा ठेवून देतां येत नाहीं.

याचा प्रत्यय १४ नोव्हेंबर १९७७ रोजीं आला. पगारासाठीं अग्निशामकांनीं संप पुकारला. तो नऊ आठवडे चालला. कोठारांतून हिरव्या देवी निघाल्या, पण त्यांवर बसावयास शिकलेलीं माणसें उरलीं नव्हतीं. हजारों सैनिकांना घाईघाईनें थोडें शिकवून बंबांवर चढविलें. २००२-०३ च्या संपांत तर सुमारें १९,००० सैनिक आणि आठशेंवर बंब कामास लावले. कित्येक चालकांहून त्यांची गाडी वयानें दुप्पट! ताशीं पंचेचाळीस मैलांच्या आसपास तिची धांव. चाक फिरवितांना दंडांत रग लागे. आणि अपघातांत चेपलेल्या मोटारींतून माणूस कापून काढण्याचीं हत्यारें तींत नव्हतीं. सैनिकांच्या धैर्यास कोणी नांव ठेवणार नाहीं. पण जळत्या शहराकडे नदी वळविण्याचें साधन निराळें, आणि तिसऱ्या मजल्यावरून मूल खालीं आणण्याचें निराळें.

यानंतर सरकारनें हे बंब विकावयास काढले. थोडे हौशी संग्राहकांनीं घेतले. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत ते अजून दिसतात, आणि पंप बहुधा चालतो.