‘चुकून’ झालेली कुकी

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून कुकीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. येऊ द्या. जिच्यामागे कोणाचे तरी हात राबले आहेत, ती वस्तू आमच्या विषयाबाहेरची नव्हे.

कुकी म्हणजे लोणी, साखर आणि मैदा यांची भाजलेली चकती. आपल्या नानखटाईच्या गणगोतातली. शब्द मूळचा डच; न्यूयॉर्ककडे वसाहत करणाऱ्या डच लोकांनी तो अमेरिकेत नेला. तेथे नाताळ जवळ आला की घरोघर कुकी भाजतात. आपल्याकडे दिवाळीत नानखटाईचे सामान डब्यात भरून बेकरीवाल्याकडे न्यावयाचे. तेथे भट्टी घरातच, म्हणून कामही सारे घरातल्या बाईच्या अंगावर.

या कुकींतली सर्वांत लोकप्रिय म्हणजे चॉकलेटच्या तुकड्यांची. मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन गावी रूथ वेकफील्ड आणि तिचा नवरा यांनी १९३० साली ‘टोल हाउस इन’ नावाची खाणावळ घेतली. तेथे ती जन्मली. कशी? तर म्हणे, बाईंजवळचे एक जिन्नस संपले, म्हणून त्यांनी चॉकलेटचे तुकडे घातले. ते विरघळतील असे वाटले, पण विरघळले नाहीत, आणि चुकून कुकी झाली! ही कथा आजही मोठ्या आवडीने सांगतात.

मला ती मुळीच पटत नाही. या बाईंनी १९२४ साली फ्रॅमिंगहॅमच्या अध्यापन विद्यालयातून गृहशास्त्राचे शिक्षण पुरे केले होते. पुढे तो विषय त्यांनी शिकवला. अशा बाईला भट्टीत चॉकलेटचे काय होते हे ठाऊक नसेल? त्यांनी स्वतः उतारवयात सांगितले ते असे, की आइसक्रीमबरोबर दिली जाणारी आपली जुनी कुकी लोकांना आवडे, पण काही निराळे द्यावे असे मनात होते. म्हणजे प्रयोग होता. त्यात सू ब्राइड्स ही त्यांची मदतनीसही होती. तिचे नाव तर फारच थोड्यांना माहीत आहे. कारखान्यात मी हेच पाहत आलो. कारागिराने वीस वर्षांच्या सवयीने यंत्र नीट लावले, की साहेब म्हणणार, ‘नशिबाने जमले.’ नशिबाला पगार द्यावा लागत नाही!

१९३८ साली ही कृती वेकफील्डबाईंच्या पुस्तकात छापली गेली. लगेच नेस्ले कंपनीने ती आपल्या चॉकलेटच्या वेष्टणावर छापण्याचा हक्क घेतला. मोबदला एक डॉलर आणि लागेल तितके चॉकलेट, असे सांगतात. कंपनीने पुढे तयार तुकडेच पाकिटात भरून विकायला काढले. महायुद्धात आघाडीवरच्या सैनिकांना घरून कुकींचे डबे जाऊ लागले, आणि ती देशभर पोचली. १९९७ साली मॅसॅच्युसेट्सने तिला राज्याची अधिकृत कुकी ठरवले. खाणावळ मात्र १९८४ साली जळाली.

त्याच वर्षांतली चॉकलेटची दुसरी गोष्ट कोणत्याही वेष्टणावर छापलेली नाही. एप्रिल १९३७ मध्ये पेनसिल्व्हानियातील हर्शीच्या चॉकलेट कारखान्यात कामगारांनी आतच बैठा संप केला. कारखान्याची दूधखरेदी थांबली, दूध वाया जाऊ लागले. ७ एप्रिलला दूधवाले शेतकरी आणि संपात नसलेले कामगार दांडकी घेऊन आत घुसले आणि संपकऱ्यांना झोडपून बाहेर काढले. कष्टकऱ्यानेच कष्टकऱ्याला मारले. दूध नासत असताना शेतकऱ्याला दोष तरी किती द्यावा?

आता पेपरमिंट. नाताळात या कुकीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, काठीसारख्या वाकड्या पेपरमिंट गोळीचा चुरा घालतात. मिशिगनमधील कॅलामझू येथे अल्बर्ट टॉड या गृहस्थाने पुदिन्याच्या जातीच्या या झाडाचे तेल काढून मोठी संपत्ती मिळवली. पण १८९६ साली काँग्रेसवर निवडून आलेला हा कारखानदार वीज, पाणी, रेल्वे लोकांच्या मालकीची असावी असा प्रचार करी. असे कारखानदार माझ्या वाट्याला आले नाहीत!

ती काठी पूर्वी कामगार हातांनी वाकवीत. साखर गरम असेतो वळवावयाची. जरा उशीर झाला की तुटे. जॉर्जियातील ऑल्बनी येथील मॅकॉरमॅक यांच्या कारखान्यात कितीतरी काठ्या अशा मोडून टाकाऊ ठरत. १९५० नंतर मालकाचे मेहुणे, ग्रेगरी केलर नावाचे पाद्री, यांनी काठी पिळण्याचे व कापण्याचे यंत्र बनवले, आणि मोडतोड पुष्कळ कमी झाली. आज त्या सुबक काठ्या बाजारातून आणून, फडक्यात गुंडाळून, लाटण्याने ठेचतात.