कठोर मुद्रा (मराठी शब्दसंपदा)

कठोर मुद्रा : चेहऱ्यावरील उग्रता, करडेपणा किंवा धाक दर्शविणारा मराठी शब्दांचा व वाक्प्रचारांचा गट. यातील बहुतेक विशेषणे मूळची स्वभावाची असून चेहऱ्याला लक्षणेने लागतात. निव्वळ ठेवण सांगणारी (राकट, रापलेला, ओबडधोबड) थोडी आहेत.

विशेषणे : ‘उग्र’, ‘कठोर’, ‘रौद्र’ हे तत्सम शब्द. ‘करारी’ हा अरबी ‘करार’वरून फारसीमार्फत आलेला, त्यात निश्चयाचा पक्केपणा अभिप्रेत असल्याने तो गौरवपर ठरतो. ‘करडा’ प्रायः नजर, शिस्त व आवाज यांना लागतो आणि धाक सुचवितो, दुष्टपणा नव्हे. ‘खुनशी’ व ‘तुसडा’ निंदापर. ‘खाष्ट’ व ‘कजाग’ बहुधा स्त्रियांना, त्यातही सासूला लावले जातात. ‘कजाग’चा संबंध ‘कझाक’शी जोडला जातो, पण तो निर्विवाद मानता येत नाही. ‘मख्ख’ व ‘घुम्या’ यांत भावशून्यता किंवा अबोलपणा असल्याने त्यांचा समावेश या गटात सहसा करू नये.

वाक्प्रचार : यांची रचना अवयवानुसार आहे. कपाळाला आठ्या पडणे (नापसंती), भुवया वक्र होणे (रोष), डोळे वटारणे (दटावणी, विशेषतः मुलांना), ‘खाऊ की गिळू’ अशा नजरेने पाहणे, दातओठ खाणे, राग नाकाच्या शेंड्यावर असणे. ‘एरंडेल प्यायल्यासारखा’ व ‘सुतकी’ चेहरा दुर्मुखलेपणाचा; त्यात धाक नसतो.

उपमाने : पुरुषांसाठी जमदग्नी, दुर्वास, नरसिंहावतार, स्त्रियांसाठी चंडिका, दुर्गावतार, कैदाशीण.

नाट्यशास्त्रीय आधार : भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात क्रिया सांगितल्या आहेत : उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित व सहज. भ्रुकुटीचा विनियोग क्रोधात होतो. क्रोध हा रौद्ररसाचा स्थायिभाव होय.

कोशांतील नोंदी : मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) व दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) हे वर्णानुक्रमी असल्याने हा गट त्यांत विखुरलेला आहे.

बोलीभेद : वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आदी बोलींची भर वेगळी.

अलीकडील वापर : मुंबईकडे रूढ असलेला ‘खडूस’ हा शब्द घरात व कचेरीत निंदेचा आहे, मुंबईच्या क्रिकेटमध्ये मात्र तो सहजासहजी हार न मानणाऱ्या खेळाडूसाठी अभिमानाने वापरला जातो.