पोषकद्रव्ये आणि रक्तशर्करेची संप्रेरके

अन्नातील घटक आणि रक्तातील ग्लुकोजवर नियंत्रण ठेवणारी संप्रेरके (हार्मोन्स) यांचा परस्परसंबंध. निरोगी प्रौढाच्या रक्तात उपाशीपोटी दर डेसिलिटरला साधारण ७० ते ९९ मिलिग्रॅम ग्लुकोज असते. जेवणानंतर ते वाढते आणि दोन-तीन तासांत पूर्वपदावर येते. हे कोणत्या एका संप्रेरकाचे काम नव्हे. त्यात स्वादुपिंड, आतडे, यकृत आणि अधिवृक्क ग्रंथी या सर्वांचा वाटा असतो, आणि घासागणिक त्यांच्या संप्रेरकांचे प्रमाण बदलते. या विषयातले काही पायाभूत संशोधन पुण्याच्या केईएम रुग्णालयाने पुणे जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबांत केले आहे. रुग्णालयाचे जुने ग्रामीण आरोग्यकेंद्र शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे आहे.

कार्य : स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात. त्याच्या प्रभावाने स्नायू व मेदपेशी ग्लुकोज आत घेतात आणि यकृत साखर सोडणे थांबवते. शेजारच्या आल्फा पेशींतले ग्लुकॅगॉन उलट काम करते. पोट रिकामे असताना ते यकृतातला साठा मोकळा करते. ताणाच्या वेळी स्रवणारी कॉर्टिसॉल व अ‍ॅड्रेनलिन हीसुद्धा साखर वाढवतात.

कोणत्या अन्नाने किती इन्सुलिन स्रवेल हे बऱ्याच अंशी आतडेच ठरवते. तेवढेच ग्लुकोज शिरेतून दिले तर इन्सुलिन कमी स्रवते, तोंडाने दिले तर कितीतरी जास्त. या फरकामागे आतड्यातली दोन संप्रेरके आहेत. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी जीआयपी स्रवतात, तर शेवटच्या भागातल्या व मोठ्या आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ स्रवतात. जीएलपी-१ इन्सुलिन वाढवते, ग्लुकॅगॉन दाबते, जठरातले अन्न सावकाश पुढे सरकू देते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवते. अलीकडे मधुमेह व स्थूलता यांवर दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाची नक्कल करतात.

ताटातले घटक : बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी हे या भागातले नेहमीचे जेवण. भाकरीतल्या पिष्टाचे ग्लुकोज होते आणि तेच बीटा पेशींना थेट जागे करते. उसळीतल्या प्रथिनांपासून मिळणारी अमिनो आम्ले इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन दोन्ही वाढवतात, त्यामुळे प्रथिनांचे जेवण झाल्यावर साखर एकदम खाली घसरत नाही. शेंगदाण्यातला स्निग्धांश जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतो. पालेभाजी व कडधान्याचे तंतू मोठ्या आतड्यापर्यंत न पचता पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांच्यापासून लघुशृंखला मेदाम्ले तयार करतात आणि ती जीएलपी-१ स्रवणाऱ्या पेशींना चेतवतात. आधी उसळ-भाजी आणि मागून भाकरी किंवा भात खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हे अनेक देशांतल्या प्रयोगांत दिसले आहे आणि घरी करून पाहायला काहीच खर्च येत नाही.

गूळ साखरेपेक्षा निर्धोक, ही समजूत मात्र सोडलेली बरी. गूळही मुख्यतः सुक्रोजच आहे. सुक्रोजचे अर्धे ग्लुकोज इन्सुलिन वाढवते. उरलेले अर्धे फ्रुक्टोज इन्सुलिनला फारसे न चेतवता यकृतात जाते आणि अति प्रमाणात खाल्ले तर तिथे त्याची चरबी होते.

वेळेचाही परिणाम होतो. सकाळी जेवढे जेवण सहज निभते तेवढेच रात्री उशिरा घेतले तर साखर जास्त वाढते, कारण रात्री शरीर इन्सुलिनला कमी दाद देते आणि मेलाटोनिन इन्सुलिनचा स्राव कमी करते. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या कामगारांच्या संदर्भात ही माहिती डबा काय असावा आणि कधी खावा इथपर्यंत पोहोचायला हवी. पाळीतला गोड चहा आणि वडापाव ही त्यांच्यासाठी वाईट जोडी आहे.

गर्भावस्थेतील पोषण : इन्सुलिनची क्षमता जन्माआधीच घडू लागते हा विचार इंग्लंडमधील हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये मांडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये ओढवलेल्या उपासमारीच्या काळात गर्भात असलेल्यांची ग्लुकोज सहन करण्याची शक्ती पन्नाशीत कमी आढळली. तो प्रसंग टोकाचा होता. पुण्याच्या संशोधनाचे महत्त्व यात आहे की त्याने उपासमार नसलेली, रोजचे जेवण मिळणारी आणि शेतात राबणारी स्त्री अभ्यासली.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातृपोषण अभ्यास सुरू केला. साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात सहभागी होत्या. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. गरोदरपणी त्यांच्या पोटात दिवसाला १,८०० च्या आसपास किलोकॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने जात. एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते त्यांची बाळे मात्र मोठी होती. पोटभर जेवण आणि पुरेसे पोषण यांतला फरक इतक्या स्पष्टपणे फार थोड्या अभ्यासांनी दाखवला आहे.

या गावांतल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. इथली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान, पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली मोजलेली त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळजवळ राखलेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय बाळाची कल्पना जगभर गेली. पुण्यातल्या नवजातांच्या नाळेच्या रक्तातले इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या नवजातांपेक्षा जास्त आढळले होते. पहिला घोट पोटात जाण्याआधीच संप्रेरकांचा तोल वेगळा होता. प्रौढपणीचे चित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये छापलेल्या एका छायाचित्रात आहे. शेजारी उभ्या असलेल्या याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा देहभार निर्देशांक (बीएमआय) २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा भारतीय माणसाचा धोका लपवतो, तो असा.

बी-१२ आणि फोलेट : सहा खेड्यांतल्या मातृपोषण अभ्यासातल्या जवळपास दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते आणि जेमतेम दूध घेणाऱ्या शाकाहारी घरात सहज कमी पडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरोदरपणी ज्या मातांचे फोलेट जास्त होते त्यांची मुले सहाव्या वर्षी अधिक चरबीची व इन्सुलिनला कमी दाद देणारी होती. आईचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल तर हा इन्सुलिनरोध सर्वाधिक आढळला. दोन्ही जीवनसत्त्वे डीएनएवर मेथिल गट जोडण्याच्या प्रक्रियेत लागतात, आणि कोणते जनुक चालू राहील हे त्या प्रक्रियेवर अवलंबून असते. हा संबंध निरीक्षणातून आलेला आहे, त्यामुळे त्यावरून फॉलिक आम्लाची (फोलेटची) गोळी बंद करणे चुकीचे ठरेल. बाळाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्यासाठी ती आवश्यकच आहे. तिच्या जोडीला बी-१२ कडे लक्ष न देणे ही खरी उणीव. मधुमेहावर दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण घटते, म्हणून अशा रुग्णांनीही त्याची तपासणी करून घ्यावी.

गर्भाच्या स्वादुपिंडाची घडण पाचव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. त्या वेळी बहुतेक स्त्रियांच्या गरोदरपणाची नोंदणीही झालेली नसते, आणि नोंदणीनंतरच्या गोळ्या या टप्प्यासाठी उशिराच पोहोचतात. म्हणून १९९३ च्या अभ्यासात जन्मलेली मुले-मुली किशोरवयात आल्यावर २०१२ मध्ये ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. त्यात त्यांच्यापैकी काहींना विवाहापूर्वीच रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्येही देण्यात आली. भावी मातांबरोबर भावी पित्यांनाही त्यात घेण्यात आले.